आधी पुस्तके कुठे आहेत ते पाहा, मग ई-रीडर घ्या

जर्मनीत नव्याने आलेल्या कुणी ई-रीडर कोणता घ्यावा असे विचारले, की ठरलेले उत्तर मिळते: सहा इंची किंडल घे. स्वस्त, हलका, बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. इंग्रजी वाचणाऱ्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. मराठी वाचायचे असेल, तर मात्र तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

मराठी पुस्तके एका दुकानात मिळत नाहीत, हे त्याचे कारण. ॲमेझॉनने 2016 च्या अखेरीस किंडलवर मराठी आणले आणि अनेक प्रकाशकांची पुस्तके तिथे आलीही. पण बरीच पुस्तके बुकगंगावर असतात, आणि तिथली ई-पुस्तके बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतात. किंडलच्या यंत्रावर ते ॲप टाकता येत नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तके पीडीएफ. इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तके म्हणजे पानापानाचे स्कॅन. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात या नियमाने त्यांचे लेखन भारतात 2011 पासून मुक्त आहे. अशा मुक्त साहित्याचा मोठा भागही स्कॅन रूपातच हाती येतो.

पीडीएफ आली की प्रश्न पडद्याच्या आकाराचा होतो. आपली बहुतेक पुस्तके डेमी आकारात छापतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. त्या पानाचा कर्ण दहा इंचांच्या किंचित वर जातो. ते पान सहा इंची पडद्यावर बसवले की 12 पॉइंटचे अक्षर जेमतेम सातचे उरते. समास कापून थोडी जागा मिळते, पण जोडाक्षरे, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळतात. रोमन लिपीला वर-खाली मात्रा नसल्याने ती एवढ्या लहान आकारात तग धरते, देवनागरी धरत नाही. अक्षर मोठे करावे, तर स्कॅनमध्ये ओळी नव्याने जुळत नाहीत. प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते. असे कुणी चार पानांपुढे वाचत नाही. 10.3 इंची पडद्यावर मात्र डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसते.

माझे घर नवी मुंबईत घणसोलीजवळच्या तळवलीत. तिथल्या कपाटात वडिलांनी जमवलेली पुस्तके आहेत, कितीतरी आता बाजारात मिळत नाहीत. विमानाच्या सामानात ती किती आणणार? भाचा फोनवर स्कॅन करून मला वाचायला पाठवतो. ती पुस्तके किंडलच्या दुकानात कधी येतील, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा कौल अँड्रॉइडवर चालणाऱ्या, दहा इंची ई-इंक यंत्राला. ऑनिक्सचे बूक्स हे त्यातले सहज मिळणारे नाव. त्यावर बुकगंगा आणि किंडल ही दोन्ही ॲप टाकता येतात, पीडीएफ पूर्ण पानाने उघडते. किंमत साध्या किंडलच्या तिपटीहून जास्त आहे आणि बॅटरी लवकर उतरते. ज्या ॲपमध्ये पाने सरकतात, तिथे आधीच्या पानाची पुसट सावलीही पडद्यावर राहते. हे तोटे मला मान्य आहेत. पण जे यंत्र आपली पुस्तके उघडतच नाही, ते स्वस्त पडले असे मी म्हणणार नाही.

कोबो किंवा पॉकेटबुक घेणाऱ्यांची बाजू मला पटते, कारण गावच्या ग्रंथालयाची ओनलाइहेवरची जर्मन पुस्तके त्यांवर वाचता येतात आणि किंडलवर येत नाहीत. मुलांसाठी ते घ्यावेच. किंडलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकण्याची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली.

यंत्र कोणतेही असो, ऑनलाइन मागवलेली वस्तू युरोपीय संघात 14 दिवसांत परत करता येते. त्या मुदतीत आपलीच एक मराठी ईपब फाइल आणि एक स्कॅन त्यावर उघडून पाहा. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’ हे शब्द नीट उमटतात का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, ते तपासा. ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन दिसला तर दुसरा फाँट टाकता येतो का ते पाहा, नाहीतर यंत्र परत करा.

यंत्र मोठे घ्यावे लागते, याचे मूळ आपल्या छपाईत आहे. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांचा मजकूर तसाच उचलून ईपब करता येत नाही, आधी रूपांतर आणि मग पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. प्रकाशकांचा तो खर्च मी समजू शकतो. आपल्या मंडळाच्या अंकाला मात्र ती अडचण नाही. लेख युनिकोडमध्येच येतात, तरी अंक फक्त पीडीएफमध्ये निघतो. पुढच्या दिवाळी अंकापासून ईपब आवृत्तीही काढावी, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. फाइल तयार करण्याचे काम मी करीन. मुद्रितशोधनाला दोघे-तिघे हवेत, त्यांनी संपादकांकडे नाव कळवावे.