अदृश्य गिऱ्हाइकांना मज्जाव

दोस्तहो, एका खेळातल्या झग्यावर लिहितोय म्हणून नाकं मुरडू नका. चळवळीच्या पानावर खेळ कशाला, असं विचारणारे आपल्यात ढीगभर आहेत. त्यांनी आधी वाचावं, मग शिव्या द्याव्यात.

खेळाचं नाव नेटहॅक. १९८७ साली पहिल्यांदा बाहेर पडला. त्याचा बाप हॅक, आणि आजा रोग. रोग म्हणजे आजार नव्हे, इंग्रजीतला भामटा. तो १९८० चा. नेटहॅक फुकट मिळतो, भंगारातल्या कॉम्प्युटरवर चालतो, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती लागला. मी भोकरदन तालुक्यातला, जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरतो. गिऱ्हाइकाचं मशीन नीट झालं का ते बघायला रात्री त्यावर हा खेळ लावतो. यात चित्र नाही, रंगरंगोटी नाही. सगळं अक्षरांचं. जमीन म्हणजे टिंब, भिंत म्हणजे रेघ, कुत्रा म्हणजे इंग्रजी डी. आणि माणूस म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ॲट. तुम्ही ॲट. भुयारात खाली खाली उतरायचं, राक्षस मारायचे, मिळेल ते खायचं, तळातून एक ताईत वर आणायचा. मेलात की खलास, पुन्हा पहिल्यापासून. गरिबाच्या जिंदगीसारखा हिशेब आहे, म्हणून मला तो आवडला.

या भुयारात एक झगा सापडतो. अंगावर घातला की तुम्ही दिसेनासे होता. राक्षस अंदाजानं वार करतात, पुष्कळ वार हवेत जातात. किंमत साठ मोहरा. पण सापडतो तेव्हा त्याच्यावर नाव लिहिलेलं नसतं. चार झगे असे आहेत की त्यांचं वरचं रूप प्रत्येक खेळात पत्त्यांसारखं पिसलं जातं. एखाद्या खेळात तो श्रीमंतांनी नाटकाला जाताना घालायचा झगा दिसतो, एखाद्यात पाद्र्याचा नक्षीदार झगा, एखाद्यात नुसता कापडाचा तुकडा, आणि एखाद्यात फाटकं लक्तर. चिंधी अंगावर घेतली आणि माणूस जगाच्या नजरेतून गेला. आता मला सांगा, हे लिहिणाऱ्या गोऱ्या पोरांना आपला महारवाडा, मांगवाडा कुणी दाखवला होता?

पण खरी गंमत पुढंच आहे. भुयारात दुकानं असतात. हा झगा घालून दुकानाच्या दारात पाय ठेवलात की दुकानदार म्हणतो, अदृश्य गिऱ्हाइकांना इथं थारा नाही. आणि दार अडवून उभा राहतो. मी पहिल्यांदा हे वाचलं आणि खुर्चीतच बसून राहिलो. तुम्ही दिसत नाही, तरी त्याला पक्कं ठाऊक आहे की दारात कोण आलंय! पडद्यावर बघाल तर दुकानदारसुद्धा ॲटच. अक्षर एकच, जात माणसाची एकच. तरी एक दाराच्या आत, एक बाहेर.

हा दुकानदार आणखी एक गोष्ट करतो. तुमच्या हातात कुदळ असेल तर म्हणतो, कृपा करून ती बाहेर ठेवून या. राबायचं हत्यार बाहेर, मग माणूस आत. बोलायला मात्र एकदम अदबशीर.

खेळाच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, अहो, अदृश्य माणूस चोरी करील ना, म्हणून मनाई. कुदळ असली तर भिंत फोडून माल पळवील ना. बरोबर. खेळात तसं होतंही. पण लेको, हा बचाव आपण पहिल्यांदा ऐकतोय का? ज्याच्याकडं बघायचं नाही, त्याच्यावर संशय मात्र आधी घ्यायचा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसाची गाडी आजही आधी पारध्याच्या पालावर जाते.

या दुकानदाराला उत्तर देणारा माणूस आपलाच होता. घटनेचं पंधरावं कलम काढून बघा, दुसरं पोटकलम. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही कुठं अडवायचं नाही, त्याची यादी तिथं आहे. त्या यादीत पहिलं नाव दुकानाचं आहे. देवळाचं नाही, शाळेचं नाही. दुकानाचं. मग उपाहारगृहं, मग विहिरी, तळी, घाट. लोकांना वाटतं घटना म्हणजे मोठमोठ्या तत्त्वांचा ग्रंथ. अरे, त्यात मिठाची पुडी मागायला गेलेल्या बाईचा अपमान भिजून राहिलाय. पैसे लांबून टाक, पुडी वरून फेकतो, हे ज्या माणसाच्या आईबापांनी सोसलं त्याला दुकान म्हणजे काय हे ठाऊक होतं.

न दिसण्याची हौस जगाला जुनीच. ग्रीकांचा प्लेटो एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला अंगठी सापडते, ती फिरवली की तो गुप्त. मग तो राणीला नादी लावतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. प्लेटोचा सवाल असा की कुणी बघत नसेल तर न्यायानं कोण वागेल? सवाल चांगलाय, पण जालना जिल्ह्यात अंगठी लागत नाही. भरदिवसा, भरचौकात वस्तीवर मार पडतो आणि फिर्यादीत लिहिलं जातं, अज्ञात इसम. साक्षीदार कोर्टात उलटतो, म्हणतो मला काही दिसलं नाही. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे, पण मारणाऱ्याला अदृश्य करायची विद्या त्याच्याहून फार जुनी. हा वरच्यांचा झगा. घालायचा कधी आणि काढायचा कधी, ते त्यांच्या हातात. निवडणुकीला काढतात, पंचनाम्याला घालतात.

आपल्या संस्कृत नाटकांतही ही विद्या आहे. कालिदासाची उर्वशी ती वापरते, शाकुंतलातली सानुमती ती वापरून राजाच्या बागेत चोरून ऐकत उभी राहते. त्या विद्येचं नाव तिरस्करिणी. पडद्यालाही तोच शब्द. आता तिरस्कार हा शब्द उच्चारून बघा. धातू तोच, बाप तोच. दिसेनासं करणं आणि तुच्छ लेखणं यांना या भाषेनं एकाच पोटी जन्म दिला. पंडितांनी यावर काय लिहिलंय ते मी वाचत बसलो नाही. मला एवढं पुरलं. अप्सरेला ती विद्या, आम्हाला तो कार.

मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय ल्यावं हे सांगितलंय. मेलेल्यांची वस्त्रं. फुटक्या भांड्यात जेवण, लोखंडाचे दागिने. रात्री गावात फिरायचं नाही. दिवसा कामाला यायचं, पण राजानं ठरवलेली खूण अंगावर घेऊन. म्हणजे बघा, माणूस दिसायला नको, आणि ओळखायला मात्र आला पाहिजे. पेशवाईत काळा दोरा, गळ्यात मडकं, कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. तिकडं तमिळ मुलखात तिन्नेवेलीला पुराद वण्णान नावाची जात होती, तिची नोंदही त्यांनी केलीय. १९३२ साली ठक्कर बाप्पांनी तिची हकीकत सांगितली होती. ही माणसं अस्पृश्यांचे कपडे धुवायची. त्यांचं दर्शनच विटाळ. म्हणून त्यांनी रात्रीच बाहेर पडायचं, अंधारात कपडे धुवायचे, उजाडायच्या आत लपायचं. अस्पृश्य ऐकलंत, हे अदृश्य. जादू नव्हती, झगा नव्हता. दुसऱ्यांचे झगे धुता धुता माणसं नाहीशी केली होती.

आणि नेटहॅकमध्ये या झग्यावर उतारा काय आहे ठाऊक आहे? ममी असते ना, इजिप्तची, तिच्या अंगावरच्या पट्ट्या. त्या अंगाला गुंडाळल्या की अदृश्य माणूस पुन्हा दिसायला लागतो आणि दुकानदार आत घेतो. मेलेल्याचं कापड! एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीतला अदृश्य माणूसही चारचौघांत वावरायला तोंडाला पट्ट्याच गुंडाळतो. त्या लोकांना मनू ठाऊक असायचं कारण नाही. पण माणसाला बाजारात उभं राहायचं तर प्रेताची वस्त्रं ल्यावी लागतात, ही कल्पना सुचायला भारतात जन्मावं लागत नाही, असं दिसतं. अमेरिकेत राल्फ एलिसननं १९५२ साली कादंबरी लिहिली, तिचा काळा नायक स्वतःला अदृश्य म्हणवतो. शास्त्राचा चमत्कार नाही, लोक त्याच्याकडं बघायचं नाकारतात एवढंच. पुढं १९६६ ला तिथं ब्लॅक पँथर निघाली, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. न दिसणाऱ्यांनी डरकाळी फोडली तेव्हा कुठं लोकांनी मान वळवली.

आता आपल्या शहरी पोरांच्या झग्याकडं येतो. खरं तर तेच बोलायचं होतं.

तुम्ही पुण्यात, मुंबईत, संभाजीनगरात खोली बघायला जाता. दारात पहिला सवाल, पूर्ण नाव? तुम्ही पहिलं नाव सांगता, आडनाव गिळता. गाव विचारलं की तालुका सांगता. ऑफिसात १४ एप्रिलला रजा टाकताना कारण लिहिता, घरगुती. मोबाईलवरचा बाबासाहेबांचा फोटो बैठकीच्या आधी बदलता. हा झगा. बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच त्यावर पुस्तक दिलंय, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. साठ वर्षं होऊन गेली. झग्याचा कपडा सुधारला, शिवण तीच आहे.

मलाही एका शहरात एका मालकानं खोली दाखवली, चहा पाजला, आडनाव ऐकलं आणि म्हणाला, अहो आत्ताच आठवलं, भाच्याला शब्द दिलाय. भाचा कुणी आला नाही. खोली चार महिने रिकामी होती, मी रोज त्याच रस्त्यानं जायचो. तेव्हा माझ्या सोबतचा मित्र म्हणाला, कशाला सांगितलंस? त्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. पोटाचा सवाल असतो, बहिणीचं शिक्षण असतं, डोक्यावर छप्पर लागतं. भुयारात जीव वाचवायला कुणी झगा घातला तर त्याला भित्रा म्हणायचा हक्क जिन्यावर बसून भाषणं ठोकणाऱ्याला नाही. झगा घालणाऱ्या पोराला आपल्यातलेच लोक बाटगा म्हणतात, ते मला पटत नाही. शिवी द्यायचीच तर दार अडवणाऱ्याला द्या.

पण त्या मित्राला मी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. नेटहॅकमध्ये झगा घातला की पडद्यावर एक ओळ येते. अचानक तुम्हाला स्वतःलाच स्वतः दिसेनासे झालात, अशा अर्थाची. अदृश्य बघायची वेगळी शक्ती अंगात नसेल तर झगा तुम्हालाही तुमच्यापासून लपवतो. मी अशी माणसं बघितलीत. आडनाव गिळता गिळता आईला फोनवर हळू बोलणारी. लग्नात गावाकडचे पाहुणे आले की अवघडणारी. राखीव जागांवर ऑफिसात विनोद झाला की सगळ्यांच्या आधी हसणारी. इतरांना तर ती कधीच दिसत नव्हती. आता आरशालाही दिसत नाहीत.

शिवाय हा झगा गावात चालत नाही. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, औरंगाबादेतच होता, १ मे १९८१ ला निघाला. त्या वेळी गावोगाव झोपड्या जाळणाऱ्यांना पत्ता विचारावा लागला नाही. पगाराला, पाण्याला, पंगतीला आम्ही दिसत नव्हतो. काडी लावायला अंधारातही बरोब्बर दिसलो. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. नावच तर मागत होतो.

नावावरून आठवलं. आमचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. १९७० नंतरच्या वर्षांत तिथं उत्खनन झालं, दोन हजार वर्षांपूर्वीचं व्यापारी गाव निघालं. तिथल्या माणसांनी तिकडं दूर सांचीच्या आणि भारहूतच्या स्तूपांना दान दिलं आणि दगडावर कोरून ठेवलं की हे भोगवर्धनच्या अमक्याचं दान. गाव आणि नाव, दोन्ही. बुद्धाच्या दारात कुणी त्यांना पूर्ण नाव विचारून परत पाठवलं नाही. त्या भोकरदनचं पोरगं आज भाडेकरारावर सही करताना आडनावाच्या जागी पेन उचलतं.

आणखी एक कपडा सांगायचा राहिला. पहाटे जालन्याच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बाया बघा. अंगात केशरी जाकीट, त्यावर चमकत्या पट्ट्या. गाडीच्या उजेडात लांबून दिसावं म्हणून मुद्दाम बनवलेला कपडा. बाजारात याच्याइतकं लखलखीत दुसरं वस्त्र नाही. आणि ते घातलेल्या बाईचं नाव तिच्या गल्लीतल्या एका घराला ठाऊक नसतं. नेटहॅक लिहिणाऱ्यांना हा झगा काही सुचला नाही.

बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायांना सांगितलं की लुगडं गुडघ्यावर नेसू नका, नीट नेसा, जातीची खूण सांगणारे ते गळ्या-हातातले दागिने टाका. काही जण म्हणतील, हेही लपणंच झालं. साफ चूक. दुसऱ्यानं लादलेली खूण चारचौघांत, सभेत, उजेडात उतरवणं वेगळं आणि दारात आडनाव गिळणं वेगळं. त्या बायांनी दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं तेव्हा त्या गर्दीत हरवल्या नाहीत, उलट पहिल्यांदा दिसल्या.

तर आता कामाचं. नेटहॅकचा मूळ कोड उघडा आहे, कुणीही बदलू शकतं. दुकानदाराचा सगळा कारभार एसएचके डॉट सी नावाच्या फाईलमध्ये आहे, दार अडवणारं वाक्यही तिथंच. आमच्याकडच्या एका पोरानं ते वाक्य पुसून टाकलं आणि मला दाखवायला आला. मी म्हणालो, परत घाल. दुकानदार गप्प बसून दार अडवणार असेल तर ते आणखी वाईट. वाक्य राहू दे, मराठीत कर, आणि त्याच्या समोर आपल्या ॲटला बोलता येईल असं काहीतरी लिही. भुयारात आपला ॲट फक्त मारतो, खातो, मरतो. दुकानदाराला उलट सवाल विचारायची कळ त्या खेळात नाही.

त्यावर आम्ही रविवारी बसतोय, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत. ज्यांना सी भाषा येते त्यांनी यावं, ज्यांना नुसती जालन्याची येते त्यांनीही यावं, वाक्यं त्यांनीच सांगायचीत. कुदळ असेल तर घेऊन आत या.