हलकंफुलकं म्हणून हिणवू नका

पुरुषाने लोकलमध्ये रहस्यकथा वाचली तर तो विरंगुळा. बाईने प्रेमकथा वाचली तर मात्र ती तिची भ्रामक जाणीव! हा न्याय पुरुषांनी लावला तर आपण मोर्चा काढू. पण आपल्यातल्याच काही जणी तो लावतात आणि त्याला वैचारिक शिस्त म्हणतात.

सध्या हा राग अमेरिकेतल्या कॉलेज-बेसबॉलच्या प्रेमकथांवर निघतो आहे, कारण आपल्या शहरांतल्या मुलीही त्या मोबाइलवर वाचू लागल्या आहेत. चर्चेत 'गुंगी', 'अफू' असे शब्द मी ऐकले. मला त्या शब्दांशी भांडायचं आहे.

कथा साधारण ठरलेली असते. कॉलेजच्या संघातला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, संख्याशास्त्रात गटांगळ्या खात असतो. त्याला शिकवायला एक हुशार, फटकळ मुलगी येते. काही कारणाने दोघं प्रेमाचं नाटक करतात आणि नाटक खरं होऊन बसतं. मधे भरपूर थट्टा, संघ जिंकतोय तोवर मोजे न धुणारे खेळाडू, शेवट गोड. कोणी मरत नाही, कोणी उद्ध्वस्त होत नाही. ही थोर साहित्यकृती आहे असं माझं म्हणणं नाही. पण मुलींना त्यात काय सापडतं, ते तरी विचाराल की नाही?

जरा मागे जाऊ या. १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी आली आणि प्रचंड खपली. तिचा नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढे तोच तिचा लाडका नवरा! जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी तिला सांगितलं, की हातात पुस्तक असतं तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा; नवरा-मुलांनी तेव्हा काही मागायचं नाही. आणि क्रूर नायक, बलात्कार त्यांना नको होते. रॅडवेचं म्हणणं दुपदरी होतं: वाचायला बसणं हा या बायकांचा छोटासा निषेध आहे, कथा मात्र त्यांना पुन्हा जुन्याच चौकटीत नेऊन बसवते. आपल्या बैठकांत यातला दुसरा पदर तेवढा पाठ असतो.

आजचा बेसबॉलवाला नायक त्या १९७२च्या नायकापासून बराच लांब आला आहे, आणि त्याचा खेळही त्याला शोभतो. या खेळात दहापैकी तीन वेळा जमलं तरी बॅटर उत्तम गणला जातो. धावफलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी संघाच्या चुकांचाही रकाना असतो. ज्याच्या चुका चारचौघांत फळ्यावर लागतात आणि जो तरीही दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सरावाला येतो, असा पुरुष मुलींना आवडला तर बिघडलं कुठे? तो जवळ येण्याआधी विचारतो. 'नको' म्हटलं तर थांबतो, आणि तोंड पाडून बसत नाही. (आपल्या किती सिनेमांतल्या नायकांना हे जमलं आहे?)

हे सगळं खोटं, स्वप्नाळू आहे, असा आक्षेप येतो. पण या मुलींना खरं माहीत नाही असं समजू नका. जानेवारी २०१५मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एका जलतरणपटूने बेशुद्ध तरुणीवर लैंगिक अत्याचार केला. तो दोषी ठरला, पण न्यायाधीशाने २०१६ साली शिक्षा दिली सहा महिन्यांची, आणि तीन महिन्यांत तो बाहेर आला. मतदारांनी २०१८मध्ये त्या न्यायाधीशाला पदावरून खाली खेचलं. २०१९ साली चॅनेल मिलरने आपलं नाव उघड करून पुस्तक लिहिलं. कॉलेजचा नावाजलेला खेळाडू काय करू शकतो आणि त्याला कसं सांभाळून घेतलं जातं, हे तिथल्या मुलींना पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर त्यांना विचारणारा खेळाडू हवा आहे. भीती वजा केलेलं प्रेम कसं दिसेल, हे त्या वाचून बघतात. याला गुंगी म्हणणारीने आधी आपल्या घोषणा तपासाव्यात. त्यांतही आपण हेच मागतो.

माझं भांडण या पुस्तकांशीही आहे, पण ते वेगळ्या जागी. नायिका कितीही हुशार असो, ती बसते प्रेक्षकांत. बॅट त्याच्या हातात, टाळ्या हिच्या हातात. आणि ही जागा काही निसर्गाने ठरवलेली नाही. त्याच १९७२ साली होबोकनच्या बारा वर्षांच्या मारिया पेपेला तीन सामन्यांनंतर लिटल लीगच्या संघातून काढलं, कारण ती मुलगी. खटला जिंकून १९७४मध्ये मुलींना दार उघडलं तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा 'टायटल नाइन' कायदाही १९७२चाच. पण कॉलेजांनी मुलींना सॉफ्टबॉल देऊन बेसबॉल मुलांकडेच ठेवला. ज्युली क्रोटो हायस्कूलच्या संघासाठी कोर्टात हरली, तरी १९८९ साली मेरिलँडमधल्या एका कॉलेजच्या मुलांच्या संघातून खेळली. अखेर १९९१मध्ये संघातल्या स्त्रीद्वेष्ट्या वातावरणाला विटून बाहेर पडली. १७ मार्च २०२३ रोजी ब्राउन विद्यापीठाची ऑलिव्हिया पिचार्डो बॅट घेऊन मैदानात उतरली. कॉलेज-बेसबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत सामना खेळलेली ती पहिली बाई.

लेखिकांनो, आता तिच्यासारखीची गोष्ट लिहा. ती बॅटिंगला उभी आहे आणि तिच्यावर जीव जडलेला, संख्याशास्त्रात नापास झालेला मुलगा वर पायऱ्यांवर शेंगदाणे खात बसला आहे. मोजे त्यानेही धुतलेले नाहीत. आणि कृपा करून ती गोष्ट गंभीर करू नका.