गुठळी ओढण्यापेक्षा वेळ गाठा

हृदयविकाराचा तीव्र झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी रक्ताच्या गुठळीने अचानक बंद होणे. मग अँजिओप्लास्टी करताना ती गुठळी बारीक नळीने ओढून घेतली, तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढेल, हे कोणालाही पटेल. 'गुठळी काढली का?' असे कॅथलॅबबाहेर थांबलेले नातेवाईक विचारतात, ते त्यामुळेच.

२००८ मध्ये नेदरलँड्समधील १,०७१ रुग्णांच्या अभ्यासाने ही आशा वाढवली. गुठळी ओढलेल्या गटात वर्षभरातील हृदयविकाराचे मृत्यू ३.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ६.७ टक्के. मात्र २०१३ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या ७,२४४ रुग्णांच्या चाचणीत तीस दिवसांतील मृत्यू जवळपास सारखेच निघाले: २.८ आणि ३ टक्के. २०१५ मधील दहा हजारांवर रुग्णांच्या 'टोटल' चाचणीतही फायदा दिसला नाही. उलट महिनाभरात पक्षाघात झालेले रुग्ण गुठळी ओढलेल्या गटात ०.७ टक्के, तर दुसऱ्यात ०.३ टक्के होते. म्हणून सरसकट प्रत्येकाची गुठळी ओढू नये, असे आता मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गुठळी फार मोठी असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

धमनी जितका वेळ बंद, तितका हृदयाचा स्नायू मरत जातो. मेलेला स्नायू कोणत्याही नळीने परत येत नाही. किनवट-माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. लातूर जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरही रात्री गाडी मिळेपर्यंत वेळ जातो. त्याआधी 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पिण्यात तास-दोन तास गेलेले असतात.

निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच द्यावे. मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवून साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करावी. दूरच्या गावांसाठी हाच खरा आधार आहे.

शहरात नवी यंत्रे जरूर यावीत. पण त्याआधी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास ईसीजी निघायला हवा, तो वाचणारे कोणीतरी हवे आणि हे इंजेक्शन कपाटात हवे. लोकांनीही छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणवताच १०८ ला फोन करावा. मराठवाड्यातले जीव वाचतील ते या पहिल्या तासात.