बेचाळीस अंशांतला पंखा

मे महिन्यात विदर्भात दुपारी दारे-खिडक्या लावायच्या, पंखा पाचवर करायचा आणि खाटेवर पडून राहायचे, हा घरोघरचा उपाय. वर पत्रे, बाहेर पारा चव्वेचाळीसवर. संध्याकाळी सून कामावरून परतते तेव्हा सासूबाई असंबद्ध बोलत असतात, अंग तव्यासारखे तापलेले. ‘पंखा तर दिवसभर चालू होता हो,’ असे नातेवाईक रुग्णालयात सांगतात. ते खरेच सांगत असतात. प्रश्न आहे तो त्या पंख्याने दिवसभर काय केले हा.

याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकापेक्षा अभियांत्रिकीच्या पुस्तकात सोपे सापडते. अभिसरणाने उष्णता कशी जाते हे शिकवताना तिथे दोनच आकार पुनःपुन्हा येतात, सपाट पाटी आणि नळी. वरून हवा वाहते. उष्णता किती गेली ते काढा. तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानांतला फरक, आणि हवेच्या वेगाप्रमाणे बदलणारा एक गुणांक. माणसाची पाठ ही ढोबळमानाने पाटी, हातपाय या नळ्या. त्वचेला हवेचा एक पातळ, जवळपास स्थिर थर चिकटून असतो. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या थराची कल्पना मांडली. पंखा गारवा तयार करत नाही. तो फक्त हा थर पातळ करतो, म्हणजे गुणांक वाढवतो. उष्णता कुठल्या दिशेने जाणार, ते तापमानातला फरक ठरवतो.

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सियस. हवा ३० अंश असेल तर उष्णता शरीराबाहेर जाते आणि पंखा तिला मदत करतो. हवा ४२ अंश झाली की सात अंशांचा फरक उलट्या दिशेने पडतो. शरीराचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरा. स्थिर हवेत गुणांक ४ च्या आसपास, म्हणजे शरीरात येणारी उष्णता सुमारे ४८ वॅट. पंख्याखाली गुणांक १० धरला तर तीच ११९ वॅट होते. नुसते पडून राहिलेले शरीर स्वतः सुमारे १०० वॅट उष्णता तयार करते. कपड्यांमुळे आकडे थोडे कमी होतील, पण दिशा बदलणार नाही.

मग तरुण माणसाला त्याच पंख्याखाली बरे का वाटते? घामामुळे. तासाभरात एक लीटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ६७० वॅट उष्णता बाहेर पडते. पंख्याने वाढवलेले सत्तर वॅट शंभरेक मिलिलीटर घामात फिटतात. ज्याला घाम येतो आणि जो पाणी पितो, त्याचा हिशेब नफ्यात राहतो. वयस्कर माणसाला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. त्यात मनोविकाराची, लघवीवर ताबा ठेवणारी काही औषधे घाम आणखी कमी करतात. लहान मुलांचे हातपाय बारीक. आणि नळी जितकी बारीक तितका गुणांक मोठा.

सिडनी विद्यापीठातील ऑली जे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निरोगी तरुणांवर हे तपासले. ४० अंश आणि दमट हवेत पंख्याचा फायदा झाला. ४७ अंश आणि कोरड्या हवेत तोटा. विदर्भाचा मे याच दुसऱ्या टोकाकडे झुकतो. याच गटाने पुढे हिशेब मांडून नुसत्या पंख्याच्या मर्यादा सुचवल्या: तरुणांना ३९ अंश, पासष्टीपुढे ३८, घाम रोखणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांना ३७. जागतिक आरोग्य संघटनेची रेघ ४० वर आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसाठी ती जरा सैलच म्हणायची.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांत पंखा, ओले कपडे आणि गार पाण्याने अंघोळ हे सगळे एकत्र आहे. लोकांनी त्यातला पंखा तेवढा उचलला, कारण त्याला बटण दाबले की पुरते. ओल्या कपड्याला पाणी लागते, आणि जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे अंगावर पाणी शिंपडा असे सांगणाऱ्याने आधी हंडा मोजावा. तरीही कोरड्या हवेत ओला पंचा अंगावर घेतला की पंखा पुन्हा उपयोगी पडतो. वाळ्याच्या ताटीचे आणि कूलरचे कामही असेच चालते. कोकणातल्या दमट हवेत पाणी सहज वाळत नाही, म्हणून तिथे कूलर निकामी. पाणी नसेलच, तर निदान पत्र्याखालून हलावे. तापलेल्या पत्र्याखालची गरम हवा हलकी असल्याने वरच साचते, आणि छताचा पंखा तीच ढवळून खाटेवर आणतो.

आशाताईंना उन्हाळ्यात घरभेटींच्या वेळी विचारायचे प्रश्न द्यायचे तर ‘पंखा आहे का’ याच्या जोडीला ‘दुपारी अंग ओले करायला पाणी असते का’ आणि ‘आजी कुठल्या गोळ्या घेतात’ हेही द्यावेत. खोलीतले तापमान दाखवणारा साधा तापमापक प्रत्येक उपकेंद्राच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर असावा. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांतही तो अभावानेच दिसतो. आणि एखाद्याची शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करून गाडीची वाट पाहत बसू नये. तोंडात पाणी ओतू नये. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि मग पंखा लावावा, अगदी पाचवर.