जवारी काढायचे पैसे

आत्याच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला होता आणि घोडीवर तारांनी चरे पाडले होते. घरात सगळ्यांचं मत एकच: फोनवर तंबोऱ्याचं ॲप आहे की, कशाला खर्च? मी तो मिरजेला नेला.

मिरजेत तंतुवाद्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालतं. ते सुरू करणाऱ्या फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्याचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. तेच हात पुढे वाद्यांकडे वळले. भोपळ्याची भेग सांधणं त्या मानाने सोपं. कसोटी जवारीची, म्हणजे तारेला गुंजन आणण्याची. घोडी कानसेने केसभर घासायची, तार चढवायची, खालचा दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. जास्त घासलं तर परत भरता येत नाही. खर्ज बोलायला लागला तेव्हा कारागिराने नुसती मान हलवली.

नवं पॉलिश मात्र मी करू दिलं नाही. आत्याच्या बोटांनी दांडीवर पडलेला काळसर डाग पुसून आणलेला चकचकीतपणा मला नको होता.

2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. छानच झालं. पण त्याचा फायदा प्रामुख्याने नव्या वाद्याच्या विक्रीला. जुनं वाद्य आणणारं गिऱ्हाईक अजून विचारतं, ‘नुसतं घासायचे एवढे?’ (हेच लोक मोबाइलची काच मुकाट्याने बदलून घेतात.) माझ्या मते संगीत विद्यालयांनी तरी जवारीसाठी दरवर्षी रक्कम राखून ठेवावी, आणि कारागिराने सांगितलेला दर घासाघीस न करता द्यावा. गवसणीत गुंडाळून कपाटावर टाकलेले तंबोरे तिथेही कमी नसतील.