सोळा इंचांचा रुबाब

मोटारीतले मला काडीचेही कळत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या घरची मोटार सौभाग्यवती चालवतात. माझ्याकडे खाते आहे ते फाटक उघडण्याचे. असा माणूस ऐन दिवाळीत टायर आणि चाके यांच्याविषयी बोलू लागला, तर चकलीचे तेल डोक्यात गेले असावे, अशी शंका तुम्हाला येईल. पण गोष्ट घडली ती अगदी घरातली आहे.

आमचे साडू इंग्लंडात लेस्टरला असतात. 2023च्या मे महिन्यात आम्ही उभयता आणि आमचे सासरे, म्हणजे दादा, त्यांच्याकडे महिनाभर गेलो होतो. आदल्याच वर्षी साडूंनी एक जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेतली होती. एम. जी. बी. हे तिचे नाव, 1972चा जन्म, गर्द हिरवा रंग, टप उघडा आणि बसायला दोनच माणसांची सोय. ही जात ॲबिंग्डन गावी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षे तयार होत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. साडूंनी मात्र ती जगात एकच असल्याच्या थाटात दाखवली.

दादांचे वय तेव्हा 81. हयात गेली गिरगावातल्या दोन खोल्यांत आणि रेल्वेच्या कारकुनीत. 1964च्या सुमारास एका संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर अशीच एक उघडी एम. जी. त्यांच्या शेजारून गेली होती. ती गाडी आम्ही दोन्ही जावयांनी मिळून निदान पंचवीस वेळा ऐकली आहे. साडूंनी ही मोटार घेतली त्यात दादांचा वाटा किती आणि हौसेचा किती, हे मी विचारले नाही.

पहिली फेरी माझी झाली. इंग्लंडात रस्त्यांना खड्डे नसतात, हा समज मी तिथेच सोडून आलो. प्रत्येक खड्डा आसनातून थेट कवटीपर्यंत पोचत होता. मग दादा बसले. अर्ध्या तासाने परत आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “छान आहे हं गाडी!” दुसऱ्या दिवशी साडू किल्ली घेऊन उभे राहिले, तर दादा म्हणाले, “आज ऊन फार आहे.” लेस्टरला! तिसऱ्या दिवशी त्यांना एकादशी आठवली. रात्री मेहुणीला दिसले, की दादा कमरेचा पट्टा बांधून, गरम पाण्याची पिशवी पाठीखाली घेऊन पडले आहेत. मणक्याचे दुखणे त्यांना जुनेच आहे. “जावईबापूंना सांगू नकोस,” एवढेच ते तिला म्हणाले. तिने अर्थातच दहा मिनिटांत सांगितले.

साडू त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “प्रोफेसर, चला जरा.” आम्ही गेलो ते गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्याने गाडीकडे पाहिलेच नाही. खाली वाकून चाकांकडे पाहिले आणि विचारले, “ही कुणी बसवली?”

ती साडूंनीच बसवली होती. मूळ चाके चौदा इंचांची. ती काढून त्यांनी सोळा इंचांची चकचकीत चाके घातली होती, कारण त्यांनी रुबाब येतो. मिस्त्रीने मला टायरच्या कुशीवरचे आकडे वाचायला लावले : 205/50 आर 16. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा शेकड्याचा, म्हणजे टायरची उभी कूस रुंदीच्या पन्नास टक्के. शेवटचा चाकाचा व्यास, इंचांत. यातला ‘आर’ त्रिज्येचा असावा असे मला वाटले होते. तो टायरच्या आतल्या बांधणीचा, रेडियलचा असतो. आता हिशेब पाहा. या टायरची कूस भरते 102 मिलिमीटर. या गाडीला योग्य असा 165/80 आर 14 घेतला, तर कूस 132. बाहेरून दोन्हींचा घेर जवळजवळ सारखाच. पण चाकाचे लोखंड वाढले, की रबर आणि हवा तेवढी कमी होते. रस्ता आणि माणूस यांच्यामधली पहिली गादी हवेची. साडूंनी तिचे तीन सेंटिमीटर रुबाबासाठी कापून टाकले होते.

माझ्यातला मराठीचा मास्तर इथे जागा झाला. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवतो आणि पाणी ओतून आवळतो, तिला आपण धाव म्हणतो. शब्द किती गोड आणि बसणाऱ्याला वस्तू किती कठोर! डन्लॉप नावाच्या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टराने 1888 साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुलाच्या तीनचाकी सायकलीवरून सुचले होते. म्हणजे ही गादीसुद्धा मुळात घरच्याच माणसासाठी शिवलेली.

मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी काढल्या. हवा चारी चाकांत 34 पौंड होती. साडू आपल्या रोजच्या मोटारीच्या अंदाजाने भरत. या गाडीच्या पुस्तिकेत पुढे 21 आणि मागे 24 लिहिले आहे. शिवाय रुंद टायरांनी सुकाणू जड होते आणि या गाडीला ते हलके करणारी यंत्रणा नाही. साडूंनी चाचरत तारेच्या आऱ्यांच्या चाकांचा विषय काढला. ती दिसतात देखणी, यात शंका नाही. मिस्त्री म्हणाला, त्यांना आत ट्यूब लागते, आऱ्या ढिल्या होतात, आणि या गाडीचे तुंबेच बदलावे लागतील; फोटो काढायचा आहे की सासऱ्यांना बसवायचे आहे? साडू गप्प बसले.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मीही गप्प झालो. टायरच्या कुशीवर चार आकडे एका लंबगोलात असतात. तिथे होते 2309 : 2009 सालचा तेविसावा आठवडा. टायर चाकांबरोबरच जुने घेतलेले. नक्षी नव्यासारखी खोल, म्हणून साडू निश्चिंत होते. पण रबर चौदा वर्षांचे, वाळलेले, कुशीला केसाएवढ्या भेगा. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. 2012च्या सप्टेंबरात सरे परगण्यात एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसे गेली. तो टायर एकोणीस वर्षांचा होता. मेलेल्या एका मुलाची आई त्यासाठी झगडत राहिली, आणि फेब्रुवारी 2021पासून तिथे मालमोटारी व बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर बंद झाले. खासगी मोटारींना तो नियम नाही. (तुमच्या सोसायटीच्या आवारात खोळ घालून ठेवलेली गाडी असेल, तर फराळ झाल्यावर एकदा खाली जाऊन ते चार आकडे वाचा.)

साडू हे ऐकताना टायरवर हात ठेवून उभे होते. “दादांना मी यावर बसवले,” असे ते मराठीत पुटपुटले. मिस्त्रीला ते कळले नसेल, पण त्याने चहा मागवला.

जुनी लोखंडी चाके शेडमध्ये होती. पाचांतले एक वाकडे निघाले, ते टाकले. डिकीतले पाचवे कामी आले. नवे 165/80 रेडियल आले, चाके तोलून घेतली, हवा पुस्तिकेप्रमाणे भरली. सोळा इंचांचा रुबाब दुसऱ्याच दिवशी एका तरुणाने विकत नेला. त्याला साडूंनी टायर काढूनच चाके दिली. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांना मिस्त्रीने हात लावला नाही. म्हणाला, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

दादांना कसे तयार करायचे, हा प्रश्न उरला. तो मेहुणीने सोडवला. “दादा, ह्यांना लायब्ररीपर्यंत सोबत हवी आहे,” म्हणाली. जावयाला सोबत नाकारणे त्यांना जमेना.

एक तास झाला, दीड झाला, गाडी येईना. सौभाग्यवती दारात तीनदा जाऊन आल्या. शेवटी मी बाहेर डोकावलो, तर गाडी फाटकासमोर उभीच होती. यंत्र बंद, टप उघडा. दादा मान एका बाजूला टाकून झोपले होते. टोपी साडूंच्या मांडीवर. मला पाहताच साडूंनी ओठांवर बोट ठेवले.

फाटक उघडायचे काम माझे. ते मी आणखी वीस मिनिटे केले नाही.