बंदर गाळाने बुडते की धोरणाने?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून जाणाऱ्या जालना रस्त्यावर बंदराकडे निघालेले कंटेनर दिसतात, पण या भागाचे बंदराशी असलेले नाते दोन हजार वर्षांचे आहे, हे आपण विसरलो आहोत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण भडोचपासून 20 दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. पैठणचे मौल्यवान दगड, तेरचे कापड गाड्यांत भरून आडवाटांनी नर्मदेकाठच्या त्या बंदराला जात असे.

मग जवळचे कल्याण का नव्हे? त्याच ग्रंथात उत्तर आहे. सातवाहनांच्या काळी खुले असलेले कल्याण सत्ता बदलताच अडवले गेले आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. नदीमुखाची बंदरे गाळाने संपतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही, कल्याणची उल्हास खाडीही उथळ होत गेलीच. पण भडोचचे मुख तेव्हाही उथळ आणि धोक्याचे होते. तिथे राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन सामोरे जात, भरतीच्या वेळी जहाजे ओढून आत आणत आणि ओहोटीत ठरावीक डोहांत नांगरत. म्हणजे निसर्गाच्या अडचणीवर राज्याने माणसे नेमून तोड काढली होती.

आजही तेच लागू आहे. शेंद्रा-बिडकीनच्या उद्योगांना जमीन देऊन सरकारचे काम संपत नाही. जालन्याच्या ड्राय पोर्टपासून न्हावा शेवा बंदरापर्यंतची मालवाहतूक वेगवान आणि परवडणारी करणे, ही मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी आधी लावून धरण्याची मागणी आहे.